बुडवलेला डोंगा

ज्या सोहळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्याचं हस्तपत्रक माझ्या अक्षरात होतं. स्टेन्सिलवर मीच लिहिलं, शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल मीच फिरवलं, हात माझेच काळे झाले. हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कोणाकोणावर रागावले, तरी वाचणाऱ्याला ठाऊक असेल की या रागातला एक वाटा घरचाच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात, लाखनीच्या पुढे, हमरस्ता सोडून आत असलेल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी मराठी आणि इंग्रजी शिकवत होते. गावाला एक मोठा तलाव. मालगुजारीच्या काळात माणसांनी टोपल्यांनी माती वाहून पाळ घातली, तिच्यामागे पाणी अडलं, आणि तेव्हापासून खालच्या बांध्यांतलं धान त्या पाण्यावर पिकत आलं. पाण्यात मासे आणि शिंगाडे. ते ढिवरांचे, म्हणजे आमच्याकडच्या कोळ्यांचे. तलावाला एवढीच कामं होती आणि ती पुरेशी होती.

मग शहरातल्या एका जुन्या क्लबाचे सचिव आले. निवृत्त मोठे अधिकारी. पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. आमच्याकडच्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून येणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा त्याचे बूट दुसरा कोणी धूत असतो. साहेब दोन्ही होते. इंग्रज जाताना शिडाच्या काही लाकडी होड्या मागे ठेवून गेले होते, त्या या क्लबाने जिवापाड जपल्या होत्या. दरवर्षी त्यांची शर्यत व्हायची. यंदा शहरातला तलाव जलपर्णीने भरला, म्हणून साहेब पाणी शोधत हिंडत होते. आमचं पाणी त्यांना पसंत पडलं. तलावापासून हाकेच्या अंतरावर विश्रामगृह होतं आणि तिथल्या खानसाम्याला कटलेट येत होते, हे कारण हस्तपत्रकात नव्हतं.

"मॅडम, तुमच्या तलावाला आता इतिहास मिळणार," साहेब मला म्हणाले.

ज्यांनी टोपल्या वाहिल्या त्यांनी काय दिलं होतं मग, असं मी मनात म्हटलं. त्या महिन्यात मी बरंच काही मनात म्हटलं.

इंग्रजी येणारी आणि माइकवर न अडखळता बोलणारी गावात मी एकटीच, म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मुख्याध्यापकांनी परस्पर होकार दिला होता. हस्तपत्रकात मी 'जुन्या शिडाच्या होड्या' असं लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून 'पुरातन नौका' केलं आणि आधी 'भव्य' जोडलं. शर्यतीचे नियम मला इंग्रजीतून मराठीत करायला दिले. होडी निदान पन्नास वर्षांपूर्वीची हवी. पूर्ण लाकडाची हवी. बांधणाऱ्या कारागिराचं नाव कोरलेली पितळी पट्टी तिच्यावर हवी, आणि मालकीचे कागद हवेत.

शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरली. तेव्हा आमच्याकडे वारा नसतो. हे सांगायला हवामानखातं लागत नाही. मळणी झाल्यावर सूप घेऊन धान उडवायला उभ्या राहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती वाऱ्याचं वर्षभराचं वेळापत्रक सांगेल. मी साहेबांना तसं सुचवून पाहिलं. ते म्हणाले, मोठ्या पाण्यावर वारा आपोआप तयार होतो. मी स्टेन्सिलवर तारीख घातली.

पाच होड्या ट्रकवरून आल्या. खरं सांगायचं तर सुंदर होत्या. मधाच्या रंगाचं व्हार्निश, पितळेच्या कड्या, अंगाला निमुळता बाक. त्यांना पाळीवर लाकडी घोड्यांवर ठेवलं, उन्हात, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून. साहेबांच्या होडीची डोलकाठी वाटेत झाडाच्या फांदीला अडकून मोडली होती. साहेबांनी वरच्या कोणा अधिकाऱ्याला चार ओळींची चिठ्ठी पाठवली. तिसऱ्या दिवशी बैलगाडीतून सागाचं सरळसोट खोड आलं, आमच्याच जंगलातलं. त्या चिठ्ठीची आठवण ठेवा. मी ठेवली आहे.

आता डोंग्याबद्दल.

गावात एक ढिवर होते, पन्नाशी ओलांडलेले. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायची. त्यांच्या बायकोला मामी. मामांचा डोंगा म्हणजे बिज्याच्या झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली होडी, त्यांच्या आज्याने कोरलेली. कुठे जोड नाही, खिळा नाही. आतून लाकूड तासायच्या वाकसाच्या घावांच्या खुणा अजून बोटांना लागायच्या. या डोंग्यातून मामा जाळं टाकायचे आणि दिवाळीनंतर शिंगाडे तोडायचे. शिंगाड्याचे वेल पाण्यावर पसरलेले असतात, त्यांच्यात शिरून फळ तोडायचं आणि जवळ साठवत जायचं, तर डोंगा लागतोच. वर्षाची मीठमिरची त्या दीड महिन्यावर असायची.

आणि जेव्हा डोंग्याचं काम नसेल, तेव्हा मामा तो बुडवून ठेवायचे. सगळे ढिवर ठेवतात. काठावरच्या करंजाखाली, कमरेएवढ्या पाण्यात डोंगा न्यायचा, त्यात दगड भरायचे आणि तळाशी बसवायचा. दोरीचं एक टोक करंजाच्या मुळीला. पाण्याखाली लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. वर राहिलं तर आश्विनातलं ऊन त्याला उभं फाडतं. डोंगा लागला की दगड काढायचे, तो आपसूक वर येतो. वरून पाहणाऱ्याला पाण्यात एक काळी सावली दिसते, बस.

शर्यतीआधी क्लबाच्या व्यवस्थापकाने ढिवरांना सांगितलं की डोंगे पलीकडच्या नाल्यात न्या, फोटोत येतात. बाकीच्यांनी नेले आणि तिथे बुडवले. मामा गावात नव्हते. लाखांदूरकडे मुलीचं बाळंतपण होतं, तिच्या घरी कोणी पुरुष माणूस नव्हतं, म्हणून ते आठ-दहा दिवसांसाठी गेले होते. त्यांचा डोंगा होता तिथेच राहिला.

काठ साफ करायचं श्रमदान शाळेकडे आलं. नववी आणि दहावी घेऊन मी गेले. बेशरमाची झुडपं उपटली, शेवाळ ओढलं. व्यवस्थापक छत्री घेऊन मागे हिंडत होते. करंजापाशी थांबून त्यांनी पाण्यात बोट दाखवलं.

"हे लाकूडही काढून टाका."

"थो मामाचा डोंगा होय जी," मुली म्हणाल्या.

"डोंगा? अहो, बुडालाय तो."

"बुडाला नाई जी. मामानं बुडवला."

व्यवस्थापक माझ्याकडे वळून हसले. आपण दोघं शिकलेले आहोत, असं ते हसणं होतं. "मॅडम, वर काढून ठेवू द्या. मालक आला की नेईल."

मुलं माझ्याकडे पाहत होती. त्यांना ठाऊक होतं. त्या वर्गातलं ढ पोरगंसुद्धा हे जाणत होतं. मलाच नीट ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा कंटाळा होता, आणि ऊन होतं, आणि त्या हसण्यात मला सामील करून घेतल्याचं कुठेतरी बरंही वाटलं होतं. मी म्हटलं, "काढा."

साठ हातांनी दगड बाहेर फेकले. डोंगा वर आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. ओढत नेऊन त्यांनी तो पाळीवर उन्हात पालथा घातला.

मी विणकराच्या घरची. आमच्या घरी मागाखालच्या खड्ड्यात बाबा दुपारी पाणी शिंपडायचे, उन्हाळ्यात तर दर तासाला. हवा कोरडी झाली की ताण्याचा धागा तुटतो. ओल गेली की वस्तूचा जीव जातो हे मी बोलायला शिकायच्या आधी शिकले होते. पण ते घरचं शिक्षण. ते मी घरीच ठेवून आले होते, आणि शाळेत मला फक्त पुस्तकं आठवायची.

तिसऱ्या दिवशी मामी शाळेच्या वऱ्हांड्यात आल्या. आल्या त्या थेट वर्गाच्या दारात.

"बाई, डोंगा कोणं काढला?"

"मुलांनी. मी सांगितलं म्हणून."

"काहून?"

 मी म्हटलं, स्वच्छतेसाठी.

"आमी का घाण करून राहिलो होतो तथी? पाण्याखाली होता थो. तुमच्या सायबाले म्हणा, पाण्यात ढकलू द्या. माहा बुढा येईस्तोवर डोंगा सुकून जाईन."

"तुम्हीच ढकला ना, मामी."

"गेली होती ढकलाले. थो छत्रीवाला म्हणते, हात लावजो नोको, सायबाले विचार. आता सायब माह्या डोंग्याचा मालक झाला, तं मी मालकाले विचाराले आली. तुमी विचारा. तुमचं आयकन थो."

मी विश्रामगृहावर गेले. साहेब बाही सरसावून आपल्या होडीची पितळी पट्टी स्वतः घासत होते. हे काम ते कोणाला करू देत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. मी डोंग्याचं सांगितलं.

"लाकूड पाण्यात राहिलं की कुजतं, मॅडम. शाळेत शिकवत नाहीत का?"

"ते लोक म्हणतात, सुकलं तर फाटतं."

"ते लोक," साहेब म्हणाले आणि थांबले. मग होडीच्या अंगावर हात ठेवला. "ही पाहा. चार महिने शेडमध्ये कोरडी होती. एवढीशी तरी चीर गेली का?"

मी पाहिलं. फळ्याफळ्यांच्या मध्ये केसासारख्या बारीक काळ्या रेषा होत्या, वरपासून खालपर्यंत, एकसारख्या अंतरावर. मला ती नक्षी वाटली.

"पाहुणे येऊन जाईपर्यंत काठ स्वच्छ राहू द्या," साहेब म्हणाले. "सोमवारी ढकला. चार दिवसांत काय होतंय?"

मी तेच मामींना जाऊन सांगितलं. सांगताना आवाज शक्य तितका मऊ ठेवला, जणू मऊपणानं निरोप बदलतो.

"सोमवारले डोंगा नाई राहत, बाई," मामी म्हणाल्या. "सोमवारले चुलीची लाकडं राहतीन. तुमी याजा, मी चहा करून ठेवतो त्याच्यावर."

त्यांनी गोणपाट भिजवून डोंग्यावर घातलं, वरून धानाची तणस टाकली, आणि सकाळ-संध्याकाळ घागरीनं पाणी ओतत राहिल्या. शुक्रवारी फोटोग्राफर आला. व्यवस्थापकांनी गोणपाट आणि तणस काढून फेकायला लावली, कारण ती घाण दिसत होती.

शनिवारी दुपारच्या एसटीनं मामा आले. मी पाळीवरच होते, मंडपात माइक लावून पाहत होते. ते थेट डोंग्याकडे गेले. पुढच्या टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत चीर गेली होती. मामांनी तिच्यात बोट घातलं. बोट आत गेलं. मग त्यांनी ते बाहेर काढून पाहिलं, जसं वैद्य पाहतो.

मामींनी त्या काठावर उभं राहून साहेबांच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. मामा डोंग्यापाशी उकिडवे बसले. मी जवळ गेले.

"मामा, मीच काढायला लावला."

"मालूम आहे जी. पोट्टे सांगत होते."

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलं असतं तं सांगितलं असतं," मामा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मग जे झालं ते मला आजही नीट समजत नाही. मामा तिथून उठले आणि साहेबांच्या होड्यांकडे गेले. प्रत्येकीच्या अंगावरून हात फिरवत गेले. त्या नक्षीच्या रेषांवर नख ओढून पाहिलं. साहेब खुर्चीत बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सायब, ह्याही सुकल्या जी. आज बुडवून ठेवा याहिले, दोन दिवस. लाकूड फुगन, सांधे बसतीन. मंग चालवा. उद्या चालवसान तं पाणी घेतीन."

साहेबांना मराठी उत्तम येत होतं. तरी ते मला म्हणाले, "काय म्हणतोय?"

मी सांगितलं. साहेब हसले, सभ्यपणे. संध्याकाळच्या चहाला, शर्यतीच्या आदल्या दिवशी होडी बुडवायचा सल्ला देणाऱ्या माणसाचा किस्सा त्यांनी तीनदा सांगितला. तिन्ही वेळा लोक हसले. मी एकदा हसले. पुढे काही वर्षांनी शहरातल्या ग्रंथालयात मला होड्यांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की फळ्यांची होडी बराच काळ कोरडी राहिली तर तिला आधी पाण्यात बुडवून ठेवावं, म्हणजे लाकूड फुगून सांधे बंद होतात. साहेबांच्या कपाटात असली पुस्तकं रांगेनं होती. मामांचं म्हणणं तेच होतं, फक्त त्याला पुठ्ठा नव्हता.

रविवारी मंडप भरला. राजधानीतून प्रमुख पाहुणे आले. आधी त्यांचं स्वागत, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. वारशावर तीन भाषणं झाली. साहेब म्हणाले की या नौका म्हणजे लाकडात कोरलेला काळ आहे आणि तो जपणं ही सुसंस्कृत समाजाची खूण. त्यांच्या पाठीमागे वीस पावलांवर फाटलेला डोंगा पडला होता. बंदुकीऐवजी सुतळी बॉम्ब उडवून शर्यत सुरू झाली. पाच होड्या पाण्यात गेल्या, पांढरी शिडं वर चढली आणि धुऊन वाळत घातलेल्या धोतरांसारखी लोंबत राहिली.

वारा नव्हता. माइकवर मी सांगितलं की नौका सज्ज आहेत. पाच मिनिटांनी पुन्हा सांगितलं की नौका सज्ज आहेत. पाळीवर बायका बसल्या होत्या, त्यांचं बोलणं माइकलाही ऐकू जात असावं.

"काहून उभे आहेत व हे?"

"वाऱ्याची वाट पाहून राहिले."

"थो एसटीनं येऊन राहिला असन. लाखनीले गाडी बदलवा लागते त्याले."

अर्ध्या तासाने तिसऱ्या होडीतला माणूस डोक्यावरची टोपी काढून खाली वाकला. मला वाटलं पाहुण्यांना नमस्कार. तो पाणी उपसत होता. मग दुसऱ्या होडीतला वाकला, मग सगळेच. केसासारख्या त्या रेषांतून तलाव शांतपणे आत येत होता. काठाजवळच्या चार कशाबशा वल्हवत परत आल्या. साहेबांची मधोमध होती. नव्या सागाच्या डोलकाठीचं वजन तिला एका अंगाला ओढायला लागलं. थोड्या वेळाने होडीचा फक्त वरचा काठ दिसत होता आणि त्यावर पांढरे बूट घालून साहेब उभे होते, कमरेपर्यंत ओले. पोहता येत नव्हतं त्यांना. चाळीस वर्षं होड्या चालवल्या होत्या म्हणे.

वाचवायला डोंगा नव्हता. सगळे पलीकडच्या नाल्यात बुडवलेले, फोटोत येऊ नयेत म्हणून.

मामा उठले. पाहुण्यांच्या पिण्यासाठी मंडपात माठ ठेवले होते, त्यातले दोन त्यांनी जमिनीवर ओतले. व्यवस्थापक ओरडले, "अहो, ते पाहुण्यांचं पाणी आहे." मामांनी मंडपाचाच बांबू उपसला, दोन्ही माठ उपडे करून त्याला बांधले आणि छातीखाली घेऊन पाण्यात गेले. डोंगा नसलेले ढिवर असेच शिंगाडे तोडतात. साहेबांनी बांबू धरला. मामा त्यांना हळूहळू काठाला घेऊन आले, वेलात पाय अडकू नयेत म्हणून लांबचा वळसा घेऊन.

या वेळात माझ्या हातात एक चिठ्ठी आली होती. मी ती वाचली: तांत्रिक कारणामुळे शर्यत स्थगित करण्यात येत आहे. नंतर दुसरी आली: आपल्या एकनिष्ठ नावाड्याचा सत्कार. तीही वाचली. मामा कोणाचे नावाडी नव्हते आणि कोणाशी एकनिष्ठ असायचं कारण त्यांना नव्हतं. माझा आवाज स्वच्छ होता. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

शाल, नारळ. पाहुणे मोठ्या मनाचे होते. म्हणाले, "मागा, काय हवं ते मागा."

"बिज्याचं एक खोड पायजे जी," मामा म्हणाले. "माहा डोंगा फाटला. दिवाळीनंतर शिंगाडे आहेत."

"फक्त एक? दोन घ्या," पाहुणे म्हणाले. टाळ्या. मी ते माइकवर पुन्हा सांगितलं, दोन खोडं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

अर्ज मी लिहिला. त्यात झालेलं सगळं लिहिलं, कोणाच्या सांगण्यावरून डोंगा काढला तेही, माझ्यासकट. कुठल्या कचेरीत पाठवायचा हे कळायला पंधरा दिवस गेले. तोवर शिंगाडे तयार झाले. त्या वर्षी मामा आणि मामी माठांवर पोट टेकून पाण्यात गेले. कार्तिकातलं पाणी सकाळी कसं असतं ते हात घालून पाहावं. डोंग्यात बसून माणूस कोरडा राहतो आणि माल जवळ रचतो. माठावर तो छातीपर्यंत पाण्यात असतो आणि गळ्यातल्या झोळीत मावेल तेवढंच तोडतो. निम्मे शिंगाडे वेलावर काळे पडून तळाला गेले. मामांचे गुडघे त्या हंगामात गेले ते परत आले नाहीत.

अर्जाला उत्तर उन्हाळ्यात आलं. डोंग्याची नोंदणी, बांधणाऱ्याचं नाव, बांधल्याचं वर्ष आणि सध्याची स्थिती कळवावी. मी कळवलं: नोंदणी नाही, आज्याने कोरला, वर्ष कोणाला आठवत नाही पण साठहून कमी नाही, फाटलेला आहे. पुढच्या पावसाळ्यात दुसरं उत्तर आलं. सदर वस्तू अतिशय जुनी असल्याने तिचं आयुष्य संपलेलं होतं, सबब झालेलं नुकसान हे नुकसान मानता येत नाही. खोडासाठी तरतूद नाही.

मी ते पत्र शाळेत उभ्याने वाचलं. साहेबांची होडी पन्नास वर्षांची होती म्हणून तिच्यासाठी मंडप, पाहुणे आणि जंगलातला सरळ साग, चार ओळींच्या चिठ्ठीवर, तीन दिवसांत. मामांचा डोंगा तिच्याहून जुना होता म्हणून त्याचं फाटणं हे फाटणंच नव्हतं. दोन्ही निर्णय देणारी माणसं अडाणी नव्हती. तीही शाळेत माझ्यासारख्या कोणाकडून तरी मराठी शिकली होती. मी तिसरा अर्ज लिहिला. त्याला उत्तर आलं नाही. आणखी दोन लिहिले. एकदा भंडाऱ्याला जाऊन दिवसभर बाकावर बसले, आणि संध्याकाळी शिपाई म्हणाला, "बाई, एका झाडासाठी कायले येता?"

साहेबांची होडी तलावातून काढून दुरुस्त झाली. पितळी पट्टी शाबूत होती.

मामांनी मात्र त्या सोमवारीच डोंगा पुन्हा पाण्यात ढकलला होता. चिरेत राळ आणि डांबर भरलं, गावच्या लोहाराकडून लोखंडी चाप करून ठोकले, आणि करंजाखाली दगड भरून बुडवला. लाकूड फुगायला तो सगळा हंगाम गेला. चीर बरीच मिटली, पण पूर्ण नाही, नख जाईल एवढी राहिली. त्यानंतर त्या डोंग्यातून ते काठाकाठानेच जायचे, मामी मागे बसून डबड्याने पाणी उपसायच्या. खोल पाण्यातले शिंगाडे दुसऱ्यांना गेले.

ऐंशी साल उलटल्यावर क्लबाकडून शाळेला टपालाने एक चकचकीत स्मरणिका आली. सोबत माझ्या नावाने इंग्रजी पत्र. स्मरणिकेत एक अख्खं पान आमच्या तलावाचं होतं. शिडं, मंडप, पाहुणे. आणि कोपऱ्यात उन्हात पालथा पडलेला डोंगा, त्याच्या अंगावरची चीर छान उजेडात आलेली. खाली लिहिलं होतं: स्थानिक पुरातन नौका. साहेबांची होडी बुडाल्याचा उल्लेख नव्हता. पत्रात म्हटलं होतं की क्लब आपल्या जुन्या इमारतीत वारसा दालन उभारत आहे, छायाचित्रातली नौका तिथे मानाने ठेवायची इच्छा आहे, तिला व्हार्निश करून काचेमागे कोरड्या जागी ठेवण्यात येईल, आणि ती वाहून नेण्याची व्यवस्था मॅडमनी करावी. मॅडम सहकार्य करतात असा त्यांचा अनुभव होता.

मी पत्र घेऊन मामांच्या घरी गेले. मामा खाटेवर गुडघे शेकत होते. मामी जाळं दुरुस्त करत होत्या. मी वाचून, समजावून सांगितलं. काचेमागे कोरड्या जागी, हे ऐकून मामा इतके हसले की खोकला लागला.

"पुरा फाडतीन आता," ते म्हणाले.

"बाई, तुमी का करान?" मामींनी विचारलं. सुई थांबवली नाही. "मागच्या बारीसारखे पोट्टे घेऊन येसान का?"

"नाही."

"मंग का लिवसान त्याहिले?"

"तुम्ही सांगा."

"लिवा, डोंगा पाण्यात आहे. दिसला तं घेऊन जा म्हणा."

तिथून निघून मी तलावाचा सगळा काठ पायी हिंडले, मग शाळेत येऊन उत्तर लिहिलं. मामींचं वाक्य पाठवलं असतं तर व्यवस्थापक छत्री घेऊन शोधायला आले असते, म्हणून ते पाठवलं नाही. मी लिहिलं की सर्व काठ स्वतः हिंडून पाहिला, छायाचित्रात दिसते तशी कोणतीही नौका काठावर नाही. खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला. एकाही शब्दात खोटं नव्हतं, आणि या वेळी ते मी मनात म्हटलं नाही, कागदावर लिहिलं. तीन वर्षं उशिरा लिहिलं. त्या पत्राचा मला अभिमान वाटत नाही. त्याने मामांचे गुडघे परत आले नाहीत आणि बिज्याचं खोड आजतागायत आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मी करंजाखालून गेले. मामा पाण्यात उभे होते, छातीपर्यंत. डोंगा दिसत नव्हता, तरी ते त्यात आणखी दगड ठेवत होते. काठावरच्या एका दगडापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. मी चपला काढल्या, पाण्यात उतरले आणि तो त्यांच्या हातात दिला.

"खाली आहे का नीट?" मी विचारलं.

"आहे जी," मामा म्हणाले. "अजून एक द्या."